पी.पी. सुलक्षणा

धुळे,
३ ऑगस्ट २००९

जळगावच्या पुष्पाबाईंना धुळ्याच्या सुलक्षणाचा नमस्कार. 'बाई' मुद्दाम लिहिलं. तू रागावली आहेस अशी माझी समजूत आहे, आणि रागावलेल्या माणसाला मान दिलेला बरा.

दीड महिन्यात मी तुला नऊ मेल पाठवले. साठाव्या वर्षी कम्प्युटर घेतला, शेजारच्या केवलचंदभाऊंच्या दुकानातून इंटरनेटची वायर ओढून घेतली आणि एका बोटानं टाइप करायला शिकले. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं म्हणजे भाकरी लाटण्यानं लाटण्यासारखं, पण लाटली. तुझं एका ओळीचंही उत्तर नाही. मध्ये तीनदा फोन केला. तू उचललास, 'हॅलो, हॅलो' केलंस आणि मी बोलत असतानाच 'लाइन खराब आहे' म्हणून ठेवून दिलास. चौथ्यांदा करायचा धीर झाला नाही.

धुळ्याच्या ट्रंक बोर्डावर मी आणि जळगावच्या बोर्डावर तू, अशी आपण अकरा वर्षं काढली. लोकांचे कॉल जोडता जोडता आपली मैत्री जुळली. एकमेकींचं तोंड पाहायच्या आधी चार वर्षं आपण नुसत्या आवाजावर मैत्रिणी होतो. एस.टी.डी. आलं, बोर्ड गेला, तरी आपलं बोलणं कधी तुटलं नाही. आता तुटलं आहे असं वाटतं.

दिवाळी झाली की २५ ऑक्टोबरला आमचा स्वप्नील मला चेन्नईला घेऊन जातो आहे, कायमची. घर विकायला काढलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एसटीची पायरी चढवत नाही, नाहीतर तुझ्या दारात येऊन बसले असते. तुझ्याशी अबोला धरून मला हे गाव सोडायचं नाही. चौदा जुलैच्या मेलमध्ये मी एक गोष्ट लिहिली होती. ती लागली असेल तर शिव्या दे, पण गप्प राहू नकोस.

तुझीच,
सुलक्षणा


जळगाव,
८ ऑगस्ट २००९

सुलक्षणा,

राग नाही. आणि मेलही नाही. एकसुद्धा आला नाही. जे मिळालंच नाही त्याचा राग कुठून येणार? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी तुझी गत झाली आहे.

फोनचं म्हणशील तर आमच्या लाइनवर फार खरखर आहे. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईचाच फोन नादुरुस्त, लोक हसतात. तेव्हा फोन करू नकोस, लिही.

आता कामाचं. निवृत्त होण्याआधी तीन वर्षं मी इंटरनेटच्या तक्रारींच्या टेबलावर होते हे तू विसरलीस. रडणं आवर आणि सांगते तसं कर. कॉल लागला नाही की आपण काय करायचो? आधी आपला बोर्ड तपासायचा, मग लाइन, मग समोरचा बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी कॉल घेणारी पार्टी. उठसूट पार्टीला दोष द्यायचा नाही. तू नेमकं तेच केलंस.

मेल जिथे लिहितेस तिथे डाव्या हाताला 'आउटबॉक्स' आणि 'सेंट' असे दोन खण दिसतील. आउटबॉक्समध्ये आहे म्हणजे पत्र लिहून झालं, पण घराबाहेर पडलं नाही. सेंटमध्ये आहे म्हणजे गेलं. कशात किती आहेत ते मोज. आणि ती वायर कुठून निघते, कुठे जाते, तू मेल कधी लिहितेस, सगळं कळव. क्षुल्लक वाटेल तेही कळव.

चेन्नईला निघायच्या आत तुझा मेल माझ्या घरी यायला हवा. हे काम मी अंगावर घेतलं. चेन्नई हा शब्द दोनदा वाचला, फारसा आवडला नाही. धुळ्याला आपलं माणूस आहे या हिशोबानंच मी इतकी वर्षं जळगावात राहिले.

तुझं पत्र आल्यापासून तो शिरपूरचा कापूसवाला आठवतो आहे. इतका ओरडायचा की तू म्हणायचीस, यांना लाइन कशाला द्यायची, खिडकी उघडून दिली तरी जळगावला ऐकू जाईल. कॉल चालू असताना मी हसू दाबून बसायचे आणि सुपरवायझर माझ्याकडे बघायचे.

चौदा जुलैला काय लिहिलं होतंस?

पुष्पा


धुळे,
१३ ऑगस्ट २००९

पुष्पा,

राग नाही हे वाचलं आणि मी तानुबाईला दोन कप चहा टाकायला सांगितला, एक तिला आणि एक मला. तानुबाई आमच्याकडे कामाला येते. दिवसभर कम्प्युटरकडे बघत बसते म्हणून तिला वाटतं मला कसलं तरी खूळ लागलंय. काल म्हणाली, "अक्का, बठ्ठा दिन त्या डबाकडे देखत बठस, तठे काय शे?" मी म्हटलं, तठे जळगाव शे. तिनं कपाळाला हात लावला.

मोजलं. आउटबॉक्समध्ये सहा, सेंटमध्ये तीन. पहिले तीन दुपारी टाकले, तेव्हा केवलचंदभाऊंची सून चेलना बटणं दाखवायला येऊन बसायची. वाचायची नाही, पोरगी शहाणी आहे. मग तिला रोज कशाला छळा म्हणून मी एकटीनं लिहू लागले, संध्याकाळी सातनंतर, तानुबाई घरी गेल्यावर.

वायरीचं असं आहे. भाऊंचं साड्यांचं दुकान आमच्या भिंतीला लागून. दुकानात मोठा कम्प्युटर, त्यावर चेलना सुरतेच्या ऑर्डरी बघते. इंटरनेट त्यात येतं. त्यातून दुसरी वायर निघते, ती खिडकीतून आमच्या गच्चीवर आणि तिथून खाली माझ्याकडे. चेलना म्हणाली, "काकू, आमच्यातून तुमच्याकडे येतं, तुमचं वेगळं कनेक्शन नाही." मला लगेच कळलं. पूर्वी फोन शेजाऱ्यांकडे असायचा आणि आपण आपल्या कार्डावर त्यांचा नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहायचो, तसलाच प्रकार.

क्षुल्लक वाटेल तेही लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. चातुर्मास चालू आहे, भाऊ आणि त्यांची बायको सूरजबाई सूर्य मावळायच्या आत जेवतात. सहा वाजता भाऊ दुकानातलं सगळं बंद करतात, दिवे, पंखे, सगळं, आणि शटर ओढून घरी जातात.

चौदा जुलैचा मेल सेंटमध्ये आहे. तो तुला मिळाला नाही हे बरंच झालं. मेल कर, फोन कर, पत्र लिही, काय वाटेल ते कर, पण तो मेल सापडला तर न वाचता पुसून टाक. तुला माझी शपथ आहे.

स्वप्नीलच्या वेळची गोष्ट आज दिवसभर मनात आहे. सातवा महिना संपत आला होता, मी बोर्डावर होते. तुला फक्त 'धुळे, लाइन द्या' एवढंच म्हणाले. तू म्हणालीस, "सुले, तुझा श्वास बरोबर नाही, उठ आणि दवाखान्यात जा." शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला कळलं नव्हतं, नव्वद किलोमीटरवरून तुला कळलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं. त्याच स्वप्नीलला आज माझा गुडघा जपायचा आहे म्हणून मी गाव सोडते आहे.

सुलक्षणा


जळगाव,
१९ ऑगस्ट २००९

सुलक्षणा,

पहिला फॉल्ट सापडला. फॉल्टचं नाव चातुर्मास.

तुझं इंटरनेट केवलचंदांच्या कम्प्युटरमधून येतं. त्यांची टाकी बंद झाली की तुझा नळ कोरडा. ते सहाला सगळं बंद करतात आणि तू सातला लिहायला बसतेस. मेल जाणार कुठून? सहाही मेल तुझ्याच घरात पडून आहेत. दुपारी कम्प्युटर लाव, पुन्हा 'सेंड' दाब, मग जातील; नुसतं बघत बसून आउटबॉक्स हलत नाही. संध्याकाळीच लिहायचं असेल तर भाऊंना सांग, एक मशीन चालू ठेवा.

पण ते पहिले तीन मला छळत आहेत. ते गेले आहेत. तुझा बोर्ड ठीक, लाइन ठीक, तरी माझ्याकडे नाहीत. मला एक सांग. सुरुवातीला प्रोग्रामनं 'तुमचं नाव' विचारलं असेल. तिथे काय लिहिलंस? आणि मेलवर विषयाची ओळ असते, तिथे काय लिहितेस?

शपथेचं म्हणशील तर मी शपथा मानत नाही. तीस वर्षं अख्ख्या जिल्ह्याची भांडणं, लग्नं आणि मयती माझ्या कानावरून गेली, एक शब्द बाहेर काढला नाही. आणि माझ्यासाठी लिहिलेलं मीच वाचायचं नाही, हा कुठला न्याय?

फोनची खरखर आहे तशीच आहे.

पुष्पा


धुळे,
३१ ऑगस्ट २००९

पुष्पा,

तुझं पत्र आलं तेव्हा पर्युषण चालू होतं. दुकान आठ दिवस बंद, म्हणजे माझा नळही बंद. संवत्सरीच्या दिवशी भाऊ दरवर्षीप्रमाणे दारात आले, हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा. मी संधी साधली. म्हटलं, भाऊ, एक चुकलंच आहे, आणि सगळा प्रकार सांगितला. ते हसू लागले. "ताई, आधी बोलायचं ना. चौविहाराचं व्रत माझं आहे. मशीनला कुठे रात्रीचं खायचं नाही?" त्या दिवसापासून एक मशीन माझ्यासाठी आठपर्यंत चालू असतं. सहाही मेल माझ्या डोळ्यांदेखत गेले. एकेक जाताना मला आपल्या बोर्डावरचे दिवे विझताना दिसत होते.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. प्रोग्रामनं नाव विचारलं. मी विचार केला, कनेक्शन दुकानाच्या नावावर आहे, आपण पाहुणे. मालकाला मागे टाकून आपलं नाव पुढे कसं घालायचं? म्हणून रीतसर लिहिलं, 'सूरज साडी सेंटर, पी.पी. सुलक्षणा पाटील'. चेलनानं विचारलं, काकू, पी.पी. म्हणजे? मी म्हटलं, तुला नाही कळायचं, पुष्पाला कळेल. आणि विषयाच्या ओळीत 'अर्जंट'. ऑर्डिनरी कॉल तू कधी वेळेवर जोडलास?

चुकलं का काही?

पुष्पा, पुन्हा सांगते, चौदा जुलैचा वाचू नकोस. तो लिहिताना मला वाटलं होतं मी मोठी मदत करते आहे. आता वाटतं, झाकलेलं भांडं मी उघडायला नको होतं.

सुलक्षणा


जळगाव,
५ सप्टेंबर २००९

सुलक्षणा,

फॉल्ट सापडला. तो पार्टीचा होता.

जळगावात रोज व्यापाऱ्यांच्या दहा जाहिराती मेलवर येतात, डाळीपासून पाइपापर्यंत. माझ्या स्क्रीनवर पाठवणाऱ्याच्या नावाला दोन बोटं जागा. त्यात 'सूरज साडी सेंटर' एवढंच मावतं, आणि पुढे 'अर्जंट'. सेलची जाहिरात समजून मी न उघडता काढून टाकत आले. नऊच्या नऊ माझ्या कचऱ्याच्या टोपलीत पडले होते. मी ती टोपली कधी रिकामी करत नाही.

सगळे वाचले. चौदा जुलैचाही.

पुष्पा


धुळे,
२४ सप्टेंबर २००९

पुष्पा,

एकोणीस दिवस झाले. तुझं पत्र नाही, मेल नाही. नाव मी बदललं, आता नुसतं 'सुलक्षणा' दिसतं. दोन मेल टाकले, ते तुला मिळाले आहेत हे मला माहीत आहे. आता वायरीला दोष देता येत नाही.

म्हणून जे चौदा जुलैच्या मेलमध्ये लिहिलं तेच शाईनं लिहिते, म्हणजे मागे फिरायला जागा नको. मेमध्ये फोनवर मी विचारलं, गुडघ्याला कुठलं तेल लावतेस? तू म्हणालीस, मंगळवारी. मी म्हटलं, मंगळवारी काय? तू म्हणालीस, हो, इथेही फार उकाडा आहे. आपण बोर्डावर म्हातारी माणसं कमी पाहिली नाहीत. ऐकू न येणारी पार्टी मी ओळखते. फोन ठेवला आणि रडले. मग स्वप्नीलला सांगितलं, मला कम्प्युटर घेऊन दे. त्याला वाटलं, आई चेन्नईची तयारी करते आहे.

तुझा कान गेला असेल तर जाऊ दे, आपण लिहून बोलू, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ते झाकून ठेवायचा तुझा हक्क होता आणि तो मी मोडला. मला माफ कर. महिन्याभरानं मी इथे नसेन. अशी गप्प राहिलीस तर मी तिकडे जाऊन काय करू?

सुलक्षणा


जळगाव,
५ ऑक्टोबर २००९

सुले,

आधी नव्हते, पण मेल वाचल्यावर मात्र रागावले. चांगले पंधरा दिवस रागावले होते. नंतर लाज वाटली, म्हणून आणखी पंधरा दिवस गेले.

आमच्या लाइनवर खरखर नाही. लाइन उत्तम आहे. तक्रारींच्या टेबलावर बसले त्याच वर्षी उजवा कान गेला, ज्याला आपण हेडफोन लावायचो तो. लोक तक्रार सांगायचे, मी त्यांच्या ओठांकडे बघून उत्तरं द्यायचे. गेल्या वर्षी डावा गेला. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलंय. त्यात भांडी ऐकू येतात, रिक्षा ऐकू येते, माणसाचा शब्द कळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सगळं आयुष्य कानावर काढलं, लोक म्हणायचे पुष्पाबाईला श्वास ऐकू येतो. तिनं 'मला ऐकू येत नाही' कुठल्या तोंडानं म्हणायचं? लाइन खराब आहे, हे म्हणणं सोपं होतं. त्यात माझा काही दोष दिसत नव्हता.

आता तुला एक सांगते, ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. जुलैत तू तीनदा फोन केलास. कुणीतरी बोलतंय एवढं कळत होतं. कोण, ते कळलं नाही. फोन ठेवल्यावर यंत्रावरचा नंबर पाहिला तेव्हा कळलं की तू होतीस. तुझा आवाज मला ओळखता आला नाही, सुले. तीनदा. ऐकू येत नाही याचं मी सोसलं असतं, हे सोसवेना.

आणि तू माझ्यासाठी साठाव्या वर्षी गच्चीवरून वायर ओढलीस, ती माझ्यापर्यंत पोचली, आणि मी तिला सेल समजले. माफी मीच मागायला हवी. मागते.

२३ तारखेला मी धुळ्याला येते. सकाळच्या गाडीनं. वही-पेन काढून ठेव, तुझ्या बाजूचं तुला लिहावं लागेल, आणि तुझं अक्षर सुधार.

त्याआधी एक काम कर. येत्या रविवारी, ११ तारखेला, दुपारी चारला मला फोन कर. घंटी मला धड ऐकू येत नाही, पण घंटी वाजली की फोनवर लाल दिवा लागतो. मी समोर बसून राहीन. तुझं मला काही ऐकू येणार नाही, पण माझं तुला येईल. अकरा वर्षं बोर्डावर तू बोलायचीस आणि मी ऐकायचे. आता मी बोलते.

फोन मात्र स्वतःच्या नावानं कर. सूरज साडी सेंटरचा मी उचलत नाही.

तुझी,
पुष्पा


धुळे,
११ ऑक्टोबर २००९

पुष्पा,

आत्ताच फोन ठेवला. चहासुद्धा घेतला नाही, आधी हे लिहायला बसले. हेच मेलनंही पाठवते आहे, पण पत्र तुझ्या हातात राहील.

पन्नास मिनिटं बोललीस. इतकं तू आयुष्यात कधी बोलली नसशील. मला ठाऊक नव्हतं की तुला बोर्डावर यायच्या आधी गाण्याच्या शिकवणीला जायचं होतं आणि घरच्यांनी नाही म्हटलं. बोर्ड बंद झाला त्या दिवशी तू रिकाम्या खोलीत माझी, म्हणजे धुळ्याच्या लाइनची, जागा कुठली ते बोर्डावरच्या जॅकमध्ये शोधत बसली होतीस, हेही ठाऊक नव्हतं. तुझा आवाज थोडा मोठा झालाय, शिरपूरच्या कापूसवाल्याइतका नाही, पण त्या वाटेनं चालला आहे. ऐकून फार बरं वाटलं. फार रडू आलं, तेही लिहून टाकते.

सुरुवातीला सवयीनं मी मध्ये मध्ये बोलत होते. हं, मग, अगं पण. तू त्याला न थांबता बोलतच राहिलीस तेव्हा ध्यानात आलं, आणि गप्प झाले. तानुबाई दारात उभी होती. तिला वाटलं पलीकडून काही वाईट बातमी आली, कारण मी फोन धरून पन्नास मिनिटं बसले आहे आणि तोंडातून शब्द नाही, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी शेवटी तू थांबलीस आणि विचारलंस, "सुले, ऐकतेस ना?"

मी 'हो' म्हटलं. तुला ते ऐकू जाणार नव्हतं, मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. पण 'हो' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तू थांबलीस, आणि मग पुढचं बोलू लागलीस.

सुलक्षणा